एमएमएचा एकच क्लास, की बॉक्सिंग आणि ज्युदो वेगवेगळं? नागपुरात दोन्ही करून पाहिलं

परवा मावसभाऊ घरी आला होता. बारावी झाली, कराटेत ब्राउन बेल्टपर्यंत गेलाय. आता त्याला ठोसा, पकड, जमिनीवरचं सगळं यायला हवंय आणि त्यातून स्वतःच्या अंगाला बसेल असं काहीतरी उभं करायचंय. "दादा, एमएमएच्या क्लासमध्ये सगळंच शिकवतात ना, मग काऊन दोन ठिकाणी फी भरायची?" एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, मारणं, पाडणं आणि जमिनीवरची पकड सगळं एकत्र असलेला खेळ. मी दोन्ही केलंय. आधी ७ महिने एमएमएचा क्लास, त्यानंतर गेली ३ वर्षं बॉक्सिंग एकीकडे आणि ज्युदो दुसरीकडे. चहा संपेपर्यंत त्याला नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो.

एमएमएच्या बाजूची मोठी गोष्ट आधी, कारण ती खरी आहे. तिथे एका विद्येतून दुसरीत जाण्याचा सांधा शिकवतात. ठोसा मारता मारता अंगाशी जायचं, पकडीतून पाडायचं, पाडल्यावर वर टिकून राहायचं, ही साखळी पहिल्या दिवसापासून एकत्र मिळते. वेगवेगळ्या क्लासमध्ये ती कुणी शिकवत नाही. उलट प्रत्येक खेळाचे नियम अंगाला अशा सवयी लावतात, की त्या दुसरीकडे महागात पडतात. ज्युदोत पालथं पडून मान आत ओढून घेतली की थोड्याच वेळात रेफरी 'माते' (थांबा) म्हणतो आणि दोघं उभे राहतात. तीच सवय घेऊन मी जुन्या क्लासमधल्या एका मित्राशी खेळलो, तर तो पाठीवर चढला आणि त्याचा हात गळा आवळायला सरळ माझ्या हनुवटीखाली गेला. बॉक्सिंगमध्ये मोठ्या ग्लोव्हजच्या आड चेहरा झाकता येतो, पण एमएमएच्या ४ औंसवाल्या ग्लोव्हजमध्ये त्याच आडोशाला फटी पडतात. कराटेवाल्याचं वेगळंच. गुण मिळाला की 'यामे' ऐकून थांबायचं, म्हणून पहिला फटका लागला की अंग आपोआप मागे येतं. भावाचं तसंच होतं, मी पाहिलंय.

मग एमएमए सोडलं कशामुळे? एका गोष्टीमुळे, आणि ती ऐकायला किरकोळ वाटेल. दर महिन्याच्या १ तारखेला नवीन ॲडमिशन यायच्या. पाच-सहा जण नवे, बॅच एकच, वेळ तासाभराचा. मग पुन्हा उभं कसं राहायचं, पुन्हा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पुन्हा जॅब-क्रॉस (त्यामागून दुसऱ्या हाताचा). त्यात सोमवारी ठोसे, बुधवारी पाडापाडी, शुक्रवारी जमिनीवरचं. एखादा डाव हाताला लागतोय असं वाटायचं तोवर तो आठवडाभर लांब जायचा, आणि तीन-चार आठवडे गेले की महिना बदललेला असायचा. डबल लेग टेकडाउनचा, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडण्याचा, पहिला धडा मी पाच वेळा शिकलो. पाडल्यावर त्याच्या पायांतून सुटून बाजूला कसं जायचं, हा दुसरा धडा मला ७ महिन्यांत एकदा मिळाला. सरांना विचारलं, तर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की नव्या-जुन्यांना वेगळं करायला जागाही नाही आणि दुसरा माणूसही नाही. त्यांची अडचण मला कळते. पण शिकायला येणाऱ्याचे महिने त्यात जातात.

त्याचा खरा परिणाम ज्युदोच्या मॅटवर गेल्यावर कळला. ओ-सोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय घालून मागे पाडणं, हा क्लासमध्ये माझा हमखास बसणारा डाव होता. ज्युदोच्या पहिल्याच आठवड्यात सोळा-सतरा वर्षांच्या, माझ्याहून दहा-बारा किलोंनी हलक्या पोराने माझी उजवी बाही कोपराजवळ धरली आणि खाली ओढून ठेवली, बाकी काही केलं नाही. मी पाय घातला तर त्याचा तोल जाण्याऐवजी माझंच वजन माझ्या टाचेवर आलं, आणि त्याने तोच डाव माझ्यावर उलटवला. तो पोरगा चार वर्षं हेच करत होता. क्लासमध्ये माझा डाव बसायचा, कारण समोरच्यालाही तो वाचवता येत नव्हता. बॉक्सिंगमध्ये जॅबच्या बाबतीत हेच झालं. ज्याला ती एकच विद्या रोज करायची आहे असा माणूस समोर असला की आपला डाव किती पाण्यात आहे ते लगेच समजतं.

दोन ठिकाणी जाण्याचे हाल मात्र आहेत. घर छत्रपती चौकाजवळ, बॉक्सिंग सदरकडे, ज्युदो धरमपेठेत. आठवड्यातले ३ दिवस सीताबर्डीला मेट्रो बदलायची, येताना खांद्यावर घामाने ओला ड्रेस. ज्युदोचा जाड कोट जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांतही वाळत नाही, म्हणून दोन घ्यावेच लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा संध्याकाळी ७ वाजताही तो कोट अंगात घालणं जिवावर येतं. मी तो महिना पहाटेच्या बॅचला जातो. दोन्हींची फी मिळून एमएमएपेक्षा जास्त पडते. नोकरी शिफ्टची असेल तर हे जमणं कठीणच.

शिवाय ज्युदोच्या हल्लीच्या नियमांत एक मोठं भोक आहे. हाताने पाय धरण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्ण बंद झालं. त्यामुळे कुणी खाली वाकून पायाला आला की ज्युदोवाला बावचळतो. हे भोक आपल्याकडे मातीत भरून निघतं. महाल भागातल्या एका आखाड्यात मी काही महिने नुसता एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडणं, शिकलो. वस्ताद एकच गोष्ट सांगायचे, "डोकं बरगडीला चिकटव, बाहेर ठेवलंस की मान गेली." मातीत कोटच नसल्यामुळे मनगट आणि मान धरायची सवय लागली, तीही कामी आली.

विद्या मिसळणं काही आजचं नाही. जिगोरो कानो यांनी जुजुत्सूच्या दोन परंपरा आधी अंगात मुरवल्या आणि मग १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढून ज्युदो मांडला. ताकाशी अझुमा क्योकुशिन कराटेतले तयार खेळाडू, ज्युदोही केलेला. त्यांनी १९८१ मध्ये काढलेल्या शाळेतून कुडो हा खेळ आला, ज्यात चेहऱ्यावर हेल्मेट घालून ठोसेही मारतात आणि कोट धरून पाडतातही. दोघांनी आधी एकेक गोष्ट पिकवली, मग मिसळली. अर्थात आज लहानपणापासून एमएमएच करून तयार झालेले खेळाडूही आहेत, त्यामुळे हाच एक रस्ता असं मी म्हणणार नाही. नव्या-जुन्यांच्या बॅच जिथे वेगळ्या आहेत तिथे माझी तक्रार लागूच होत नाही. चौकशीला गेलात तर फी विचारायच्या आधी विचारा, १ तारखेला जुन्या पोरांना काय शिकवता.

राहिला सांधा. तो आम्ही दोघं-तिघं रविवारी सकाळी ज्युदोच्याच हॉलमध्ये जुळवतो. ३ मिनिटांचे राउंड. पहिल्यात एकाने फक्त ठोसे मारायचे, दुसऱ्याने फक्त आत शिरायचं. दुसऱ्यात उलट. तिसऱ्यात दोघांना सगळं मोकळं, पण निम्म्या जोराने. आठेक महिन्यांनी माझं म्हणता येईल असं एक मिश्रण निघालं. जॅबचा डावा हात परत न आणता त्याने समोरच्याचं उजवं कोपर धरायचं, क्रॉसचा उजवा हात थेट मानेमागे टाकायचा आणि ओ-सोतो. माझे हात लांब आहेत म्हणून हे मला बसतं. भाऊ बुटका आणि खांद्याने मजबूत आहे, त्याचं बहुधा खाली शिरून खांद्यावरून फेकण्यातून निघेल.

त्याला मी आधी ज्युदो आणि सहा महिन्यांनी बॉक्सिंग असं सुचवलंय. मारणं थोडंफार त्याच्याकडे आहेच, पडायची सवय अजिबात नाही. शनिवारी बघायला येतोय. हातापायाची नखं कापून ये म्हटलं, नाहीतर मॅटवर उभं करणार नाहीत.