ब्रँड पारखून घेतला, छतावर आलं भलतंच
जळगावात सोलर लावणारे आता गल्लोगल्ली झालेत. पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान जाहीर झालं आणि काल-परवापर्यंत इन्व्हर्टर-बॅटरी विकणारेही "सोलर कन्सल्टंट" झाले. त्यातल्याच एकाने आम्हाला गंडवलं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सांगते, कारण ती कुणावरही चालू शकते.

पॅनल कोणते घ्यायचे यावर घरात भरपूर खल झाला. वारी, अदानी, विक्रम, टाटा अशा सगळ्यांची माहितीपत्रकं दिरांनी जमवली आणि मी वहीत रकाने पाडून तक्ता केला. बरोबरीच्या 540 वॅटच्या मोनो पर्क (सिलिकॉन सेलचा एक प्रचलित प्रकार) पॅनलमध्ये उन्नीस-बीसचाच फरक निघाला. कार्यक्षमता 21 टक्क्यांच्या आसपास, सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट, परफॉर्मन्स वॉरंटी 25 वर्षांची. शेवटी एक कंपनी ठरली. विक्रेता म्हणाला, "काकू, एकदम बेस्ट चॉइस. सहा पॅनल बसवू, 3.24 किलोवॅट होतील."

कोटेशनवर मात्र मेकच्या रकान्यात तीन कंपन्या आणि पुढे "किंवा समतुल्य" असं होतं. मॉडेल नंबर नव्हता. डीसीआर की नॉन-डीसीआर, तेही नव्हतं. डीसीआर म्हणजे पॅनलबरोबर त्यातला सेलसुद्धा भारतातच बनलेला. सरकारी अनुदान मिळतं ते त्यालाच. एकच कंपनी दोन्ही प्रकारचे पॅनल बनवते आणि डीसीआर महाग पडतो. त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव ठरवून काहीच ठरत नाही. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला सांगायचं नव्हतं.

माल आला तेव्हा खोक्यांवर ठरलेल्या कंपनीचं नाव, पॅनलच्या पाठीवर तिचंच लेबल. दोन दिवसांत स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग झालं. पुढे महावितरणचं नेट मीटरही (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) बसलं. 80 टक्के रक्कम आधीच गेली होती, उरलेली त्याने मीटर लागल्याच्या संध्याकाळी नेली.

एप्रिलच्या कडक उन्हात मोबाइलच्या अ‍ॅपवर दिवसाला 10-11 युनिट दिसायचे. 3.24 किलोवॅटला 13-14 यायला हवेत. विचारलं तर उत्तर तयार: "काकू, जळगावची गरमी! पॅनल तापला की प्रॉडक्शन उतरतंच." हे अर्धं खरं असल्यामुळेच पटलं. सेल 65 अंशांवर गेला तर 14 टक्के घट होतेच. पण मागच्या गल्लीतल्या जोशी काकांकडेही 540 चेच सहा पॅनल, आणि त्यांना त्याच दिवसांत 14 युनिट मिळत होते. ऊन तर दोन्ही घरांवर तेच.

माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे. तो वर गेला तो मीटर न घेता सुताराचा टेप घेऊन. 540 वॅटचा पॅनल साधारण 2278 बाय 1134 मिलिमीटरचा असतो. आमचा भरला 2094 बाय 1038. एवढ्या काचेतून 540 वॅट काढायचे तर कार्यक्षमता जवळजवळ 25 टक्के लागेल, आणि पर्कच्या पॅनलला ती झेपतच नाही. या मापाचे पॅनल 445 वॅटच्या आसपासचे असतात. म्हणजे सहांचे मिळून झाले 2.67 किलोवॅट, आणि पैसे मोजले 3.24 चे.

मग त्याने मला काचेच्या कडेला खाली वाकून बघायला लावलं. आत, सेलच्या ओळीशेजारी, बारीक बारकोड आणि नंबर असतो. तो पॅनल बनतानाच काचेखाली जातो, नंतर कुणाला बदलता येत नाही. पाठीवरचं लेबल मात्र नुसतं चिकटवलेलं. काचेखालचा नंबर एक, लेबलवरचा दुसरा, सहाही पॅनलवर. एका लेबलचा कोपरा सुटला होता. ओढला तर खाली जुन्या लेबलचा गोंद. लेबलवरचे नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवले. ते खरे निघाले, डीसीआरचेच, पण माल दुसऱ्याच जिल्ह्यातल्या डीलरला गेलेला. अनुदानाच्या फाइलला हेच नंबर जोडलेले होते. अर्जावर सही आमची, म्हणून अनुदान खात्यात यायच्या आत आम्ही महावितरणला आणि योजनेच्या पोर्टलवर लेखी कळवून टाकलं.

तुम्ही लावणार असाल तर कोटेशनवर मॉडेल नंबर, वॅट आणि "डीसीआर" हे तिन्ही लिहून घ्या, "समतुल्य" खोडायला लावा. पॅनल वर चढवण्याआधी, खाली अंगणात असतानाच, टेप लावा आणि काचेखालच्या नंबरांचे फोटो काढा. एकदा स्ट्रक्चरवर घट्ट बसले की वाकून बघताना कंबर मोडते. डीसीआरचं प्रमाणपत्र त्याच नंबरांचं मागा. मोठी रक्कम हे जुळल्यावर. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं, तेव्हा "ते आम्ही वळतं करून घेतो" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. नोटीस गेल्यावर विक्रेता पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, "मिटवून टाकू ना काकू, 540 चे दोन पॅनल फुकट जोडून देतो." भाच्याने तिथल्या तिथे सांगितलं की एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेत, कमी-जास्त करंटचे पॅनल जोडले तर कमीवाला सगळ्यांना खाली ओढतो, म्हणून सहाही बदलून दे, आणि तसं लेखी दे. कागद-पेन पुढे केल्यावर त्याला कुठलासा फोन आला आणि तो जिना उतरला. पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे.