कोऱ्या लेबलवर सही केली आणि बंकरमध्ये, म्हणजे जहाजाचं इंधन घेताना, फसलो

सध्या सुट्टीवर नाशिकला आलोय. परवा गंगापूर रोडला दोन पोरं भेटली, पहिल्यांदाच जहाजावर चाललीत, त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

मी थर्ड इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. रात्रीचे दोन, पाऊस, तेलाची बार्ज (इंधन पुरवणारी बोट) येऊन लागलेली आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे जिथे तेलाचा पाइप जहाजाला जोडतात तिथे, ड्यूटी माझी. बार्जवरचा माणूस गोड बोलायला, म्हणे साहेब तेलाच्या सॅम्पलच्या बाटल्यांची लेबलं भिजतील, आत्ताच सह्या करून द्या, बाटल्या भरल्या की मी चिकटवतो. केल्या मी सह्या, चार कोऱ्या लेबलांवर, अजून तेलाचा थेंब आला नव्हता.

खरं तर सॅम्पल आपल्या जहाजाच्या मॅनिफोल्डवर, पंपिंग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत थेंब थेंब गोळा व्हायला पाहिजे, तेव्हाच सगळ्या मालाचा अंश त्यात येतो. मधेच मला टाकीचं साउंडिंग घ्यायला, म्हणजे तेलाची पातळी मोजायला, बोलावलं, परत आलो तर सॅम्पलचा कॅन काठोकाठ भरलेला आणि पंपिंग अजून चार तास बाकी! बार्जवाला म्हणाला झालं साहेब, आणि बाटल्या बार्जवर नेऊन भरून सील करून आणल्या. मी फक्त सीलचे नंबर डिलिव्हरी नोटवर (तेल मिळाल्याच्या पावतीवर) जुळवले.

माझे वडील पिंपळगावला कांदा न्यायचे, तिथला व्यापारीसुद्धा ट्रॉलीतला आतला कांदा बघितल्याशिवाय बोली लावत नाही हो.

दहा-बारा दिवसांत फ्युएल पंपाचे प्लंजर अडकायला लागले, पिस्टन रिंगा झिजल्या. टाकीतलं तेल तपासलं तर अॲल्युमिनियम-सिलिकॉन, म्हणजे कॅट फाइन्स (रिफायनरीतून तेलात येणारे कडक बारीक कण), ६० पीपीएमच्या मर्यादेच्या बरंच वर. सीलबंद बाटलीचा रिपोर्ट मात्र एकदम स्वच्छ. सप्लायर म्हणाला बाटलीवर तुमच्याच इंजिनिअरची सही आहे, टाकीत काय गेलं ते तुम्ही बघा. भरपाईचा क्लेम गेला, आणि चीफ इंजिनिअरसमोर मान वर करता येईना.

म्हणून सांगतो, सॅम्पलरला (थेंब थेंब तेल काढणाऱ्या उपकरणाला) आणि कॅनला सील लावा, मॅनिफोल्ड सोडून जायचंच असेल तर दुसऱ्याला उभं करा, बाटल्या सगळ्यांसमोर एकाच कॅनमधून हलवून हलवून भरा आणि सही त्यानंतरच. मारपोलची (जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराची) बाटली आता किमान ६०० मिली, आधी ४०० होती, ती १२ महिने तरी जपायची, डिलिव्हरी नोट ३ वर्षं. बार्जवाला ऐकत नसेल तर लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, तिथल्या तिथे द्या, बार्ज सुटायच्या आधी.

कुणाचं जॉइनिंग जवळ आलं असेल तर बिनधास्त विचारा, या महिनाअखेरपर्यंत मी इथेच आहे.