बाबांच्या यकृताची शस्त्रक्रिया: आमचा अनुभव
डिचोलीहून बाबांना मुंबईला नेलं. यकृताच्या उजव्या बाजूला गाठ होती; ती बाजू लगेच कापली तर उरलेलं यकृत पुरणार नाही, असं सर्जन म्हणाले. म्हणून आधी जांघेतून नळी घालून यकृताच्या धमनीत यिट्रियम-९० या किरणोत्सारी पदार्थाचे केसाहून बारीक मणी सोडले. गाठ मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते, त्यामुळे किरणांचा मारा तिथेच बसतो. साधारण ६४ तासांत त्यांचा जोर निम्मा होतो. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून आईला सगळं समजावलं. तो कागद अजून आमच्या देवघरात आहे.

चार महिन्यांत गाठ आकसली, मागे राहणारी डावी बाजू पुरेशी वाढली, मग उजवी काढली. खर्चाचा अंदाज मात्र दोनदा बदलला. हे आधीच सांगायला हवं होतं. नर्सिंगला पैकीच्या पैकी. काल बाबांनी स्वतःहून पेज मागितली.