बिलात दोन डिस्क, कॅबिनेटमध्ये एकच

आमच्या फाइल सर्व्हरमध्ये 4 टीबीच्या दोन डिस्क आहेत, असं बिल सांगत होतं. पैसेही दोनचेच घेतले. निघाली एक, आणि तीही वापरलेली. लहान ऑफिसांनी सावध व्हावं म्हणून हे लिहिते आहे, कारण ज्याने हे केलं तो मध्य मुंबईत आजही अनेकांची एएमसी, म्हणजे संगणकांच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, सांभाळतो.

दादरला आमचं सीएचं ऑफिस आहे. कंपन्यांना हिशोबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात, जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने, आणि नोटीस आली की क्लायंट जुन्या फायली आमच्याकडेच मागतात. म्हणून सर्व्हर घेताना सरांची अट एकच होती: एक डिस्क गेली तरी डेटा राहिला पाहिजे. लॅमिंग्टन रोडवरून माल आणून सर्व्हर जोडून देणाऱ्या या माणसाने 'मिरर' करून देतो, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तोच डेटा लिहिला जाईल, म्हणून सांगितलं.

सर्व्हरवर दोन ड्राइव्ह दिसायचे, डी 'डेटा' आणि ई 'मिरर', प्रत्येकी 1.81 टीबीचे. इतके कमी का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मिररिंगमध्ये जागा निम्मी होते." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. 4 टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्या की 8 नव्हे, 4 टीबीच वापरायला मिळतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, त्यामुळे ते 4 टीबी विंडोजमध्ये साधारण 3.63 दिसतात. म्हणजे आम्हाला 3.63 चा एकच ड्राइव्ह दिसायला हवा होता. खऱ्या मिररच्या दुसऱ्या प्रतीला वेगळं ड्राइव्ह अक्षर नसतं.

त्याने एकाच डिस्कची दोन पार्टिशन, म्हणजे दोन भाग, केली होती आणि रोज रात्री डीवरून ईवर कॉपी होईल अशी स्क्रिप्ट लावली होती. चाळीतल्या खोलीत मधे प्लायवूड ठोकलं म्हणून दोन घरं होत नाहीत. छत गळलं की पाणी दोन्हीकडे येतं. चुकून पुसलेली एखादी फाइल अशा कॉपीतून परत मिळेल, पण डिस्क बंद पडली असती तर डी आणि ई एकदमच गेले असते.

उघडकीस आलं ते सप्टेंबरमध्ये. 30 तारखेच्या टॅक्स ऑडिटची धावपळ, त्यात डी भरला. वाढवायला गेलो तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडं, दाबताच येईना. विंडोजला त्यासाठी त्याच डिस्कवर डीला लागून उजवीकडे मोकळी जागा लागते, आणि तिथे ई बसलेला. "आता नवीन सर्व्हरच घ्या," म्हणत त्याने कोटेशन पाठवलं. आमच्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने डिस्क मॅनेजमेंट उघडून नीट पाहिलं. डिस्क 0 ही विंडोजची एसएसडी, डिस्क 1 वर डी आणि ई शेजारी शेजारी, आणि डिस्क 2 नाहीच.

फोनवर त्याचं उत्तर तयार होतं: "हार्डवेअर रेड आहे, विंडोजला एकच दिसणार." म्हणजे मिररिंग विंडोज नाही, कंट्रोलर नावाचं वेगळं कार्ड करतं. हेही एरवी खरं असतं. पण तेव्हा डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये बहुतेक वेळा रेड कंट्रोलरचं नाव येतं. आमच्याकडे थेट साध्या डिस्कचं मॉडेल येत होतं. कॅबिनेटवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर त्यानेच चिकटवलेलं. सरांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर कॅबिनेट उघडायला लावलं. आत एकच डिस्क! डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते, पाहिले, तर बिलाच्या तारखेपासून अहोरात्र चालली असती तरी तेवढे तास भरले नसते.

"दुसरी लावायची राहून गेली," एवढंच तो म्हणाला. पण एएमसीच्या दर महिन्याच्या रिपोर्टवर त्याच्याच अक्षरात 'मिरर ओके' आहे. राहून गेलेल्या डिस्कची तपासणी कोणी दर महिन्याला करतं का? माझ्या मते ही सरळ लबाडी आहे. एका डिस्कचे पैसे त्याने परत केले, एएमसीचे नाही.

1930 ही हेल्पलाइन ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. अशा प्रकरणाची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी लागते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318. ऑफिससाठी केलेली खरेदी ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही, कारण व्यावसायिक हेतूची खरेदी त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणून कागद पक्के हवेत. आमच्या बिलावर 'एचडीडी 4 टीबी, नग 2' एवढंच होतं. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, तो डिस्कवरच्या लेबलशी जुळवा आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडून फोटो काढा. मिरर खरा आहे का हे बघायचं असेल तर आधी डेटाची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग सर्व्हर बंद करून एका डिस्कची केबल त्यालाच काढायला सांगा आणि सर्व्हर पुन्हा चालू करा. फायली उघडल्या पाहिजेत. मग ती केबल लावून दुसरीची काढायच्या आधी मिरर पुन्हा पूर्ण जुळेपर्यंत थांबा, त्याला काही तास लागू शकतात.