मीटरवर १,८४० तास आणि कागदावर दुसऱ्याचं कर्ज

जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलं की सगळे आधी बोनेट उघडतात. आम्हाला खरं गंडवलं ते कागदांत, म्हणून कागदांचं आधी.

धाकट्या काकांसाठी ३६ एचपीचा मॅसी १०३५ पाहिला. तीन सिलिंडर, डिझेलला हलका, सुटे भाग तालुक्याला मिळतात. मॉडेलबद्दल आजही तक्रार नाही. एजंट म्हणाला, "मालक, शेतकऱ्याघरची गाडी, एकहाती चाललेली." २,६०,००० ला सौदा झाला. आरसीवर फायनान्सचा बोजा दिसत होता. त्यावर त्यानं एनओसीची, म्हणजे कर्ज फिटल्याच्या दाखल्याची, झेरॉक्स पुढं केली, "ओरिजिनल आरटीओत जमा आहे." गाडी नावावर करायचे, मूळ मालकाच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० दिले आणि पैसे मोजून घेतले.

पेरणीच्या तोंडावर वसुलीची माणसं थेट रानात आली. कर्ज फिटलेलंच नव्हतं. झेरॉक्सवरचा खातेनंबर भलत्याच गाडीचा. मूळ मालकाला एजंटनं सांगितलेलं, की राहिलेले हप्ते घेणारा भरेल. आम्हाला सांगितलं, बोजा उतरला. मधली रक्कम याच्या खिशात.

बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो, फायनान्सवाल्यांच्या सही-शिक्क्याचा. तो अस्सल हातात येईपर्यंत विसारापलीकडं दमडी देऊ नका. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, आणि कर्जाचं शाखेत स्वतः जाऊन विचारा. एजंटनं लावून दिलेल्या फोनवर "हो, क्लिअर आहे" म्हणणारा त्याचाच मेहुणा असू शकतो.

गाडीही एकहाती नव्हतीच. मीटर १,८४० तास दाखवत होतं, पण मीटर बदलायला कितीसा वेळ लागतो? ड्रॉबारची (मागं ट्रॉली जोडायच्या पट्टीची) भोकं लांबट झालेली, हुकाजवळ वेल्डिंगवर ताजा रंग, क्लच पेडल घासून गुळगुळीत. कारखान्याला दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची ही लक्षणं, असं मिस्त्री नंतर म्हणाला. बघायला गेलो तेव्हा इंजिन गरमच होतं, "आत्ताच पाणी आणलं" म्हणे. थंड इंजिनला सेल मारू द्यायचा नसतो, म्हणून हे पाणी. नांगरटीला जुंपला तसा ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर, आणि गाडीनं नांगी टाकली. लायनर-पिस्टनचं काम निघालं.

तेव्हा आधी इंजिनावर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा. तो भराभर खाली बसला तर लिफ्ट गेलेली. चेसिस नंबर प्लेटवरचा नको, सांगाड्यावर कोरलेला आरसीशी ताडून बघा. ओळखीचा मिस्त्री आपला आपण न्या, त्याची दिवसाची मजुरी डोळे झाकून द्या.

ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. पोलिसांत अर्ज दिलाय. एजंटनं मोबाइल नंबर बदललाय. बाजाराच्या दिवशी त्याच पत्र्याच्या शेडखाली नवा रंग मारलेल्या चार-पाच गाड्या मात्र अजून उभ्या असतात.