भिंतीवरचे छायाचित्र: प्रिंट उत्तम, पण कागद कोणी निवडायचा?

निसर्गदृश्ये आणि नक्षीदार वास्तूंचे अंतर्भाग या दोनच विषयांवर काम करणाऱ्या एका छायाचित्रकाराच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या दोन प्रिंटचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण पुढे मांडलेल्या त्रुटी या एकट्या दुकानाच्या नाहीत. कलात्मक छायाचित्रे विकणाऱ्या अनेक ठिकाणी त्या थोड्याफार फरकाने आढळतात. पहिली प्रिंट धुक्याने भरलेल्या दरीची आणि तिच्यामागे विरळ होत जाणाऱ्या डोंगररांगांची आहे, तर दुसरी बरोक, म्हणजे युरोपातल्या भरगच्च सजावटीच्या जुन्या शैलीतल्या, एका मठातील ग्रंथालयाची. छायाचित्रे म्हणून दोन्ही अव्वल दर्जाची आहेत. तक्रार आहे ती छायाचित्रकाराने स्वतः घ्यायला हवे होते ते निर्णय ग्राहकाच्या गळ्यात टाकल्याबद्दल.

या दुकानात प्रत्येक छायाचित्र चार आकारांत आणि तीन प्रकारांत मिळते: सुती मॅट (चकाकी नसलेला) कागद, बॅराइटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला गुळगुळीत) कागद, आणि ॲक्रिलिकच्या जाड पारदर्शक पत्र्यामागे कायमची चिकटवलेली प्रिंट. चित्र कोणतेही असो, बारा पर्याय ठरलेले, आणि त्यांतला कोणता त्या चित्रासाठी योग्य आहे याविषयी एक अवाक्षर नाही. वरवर पाहता ही ग्राहकाला दिलेली मोकळीक वाटते. परंतु ज्याने ते दृश्य प्रत्यक्ष पाहिले, तासन्‌तास प्रकाशाची वाट पाहिली आणि नंतर संगणकावर एकेक छटा जुळवली, त्यालाच ते चित्र कोणत्या पृष्ठभागावर कसे उतरेल हे सर्वांत चांगले ठाऊक असते. पडद्यावर मागून प्रकाश टाकलेले चित्र पाहून ग्राहकाने ते ओळखावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

सुदैवाने दुकानाची एक सोय फार चांगली आहे, आणि ती मदतीच्या पानाच्या अगदी तळाशी का दडवून ठेवली आहे हे मात्र कळत नाही. मागणी केल्यास निवडलेल्या छायाचित्राचाच एक भाग तिन्ही पृष्ठभागांवर छापून नमुना-पट्ट्या पाठवल्या जातात. दोन्ही छायाचित्रांच्या पट्ट्या मागवून त्या दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि निर्णय आपोआप झाला.

ग्रंथालयाच्या पट्टीत एका कोनाड्याच्या वरची सोनेरी वेलबुट्टी आली होती. छायाचित्रात सोने कुठेच नसते. खोल तपकिरी, त्याला लागून पिवळसर गेरू, आणि उठावाच्या माथ्यावर जवळजवळ पांढरी अशी बारीक रेघ, या तीन रंगांच्या शेजारामुळे डोळ्याला सोन्याचा भास होतो. हा भास टिकण्यासाठी तपकिरी खरोखर खोल असावा लागतो. मॅट कागदाचा पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे त्यावरचा काळा नेहमीच थोडा राखाडीकडे झुकतो. परिणामी मॅट पट्टीतली वेलबुट्टी मोहरीच्या रंगाने रंगवल्यासारखी दिसत होती. बॅराइटा कागदावर शाईच्या थराखाली बेरियम सल्फेटचा थर असतो, शाई पृष्ठभागाजवळ राहते आणि काळा गडद उतरतो. त्या पट्टीत तीच वेलबुट्टी धातूसारखी चमकत होती, आणि तिच्या सावलीत लाकडाच्या रेषाही दिसत होत्या. एकाच फाइलमधून निघालेल्या दोन तुकड्यांत इतका फरक असेल, तर तो निर्णय यादीतल्या एका टिचकीवर सोडणे हे आश्चर्यच म्हणायचे.

पूर्ण प्रिंट हाती आल्यावर छायाचित्रकाराच्या कसबाविषयी शंका उरली नाही. कपाटांच्या उभ्या कडा तळापासून छतापर्यंत समांतर आहेत. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. ते टाळण्यासाठी कॅमेरा सरळ ठेवून भिंग वर सरकवावे लागते. हेच काम नंतर संगणकावरही करता येते, पण तेव्हा चित्राचा वरचा भाग ताणला जातो आणि तिथला तपशील मऊ पडतो. येथे वरच्या सज्जावरील पुस्तकांच्या कण्यांवरची सोनेरी रेघ खालच्या रांगेइतकीच काटेकोर आहे, यावरून हे काम भिंगानेच केलेले असावे. विस्तृत कोनाच्या भिंगाची खूण मात्र एका जागी राहिली आहे: डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या सजावटीतले पंखवाले बालक इतर बालकांपेक्षा चांगलेच रुंद झाले आहे. एकदा नजरेला पडले की ते पुन्हा पुन्हा दिसते.

प्रकाशाची हाताळणी त्याहून कौतुकास्पद आहे. अशा दालनांत खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) आणि दिव्यांचा २७०० ते ३००० केल्विनचा असतो. पहिला डोळ्याला थंड, दुसरा उबदार. अनेक छायाचित्रकार संगणकावर दोन्ही एकसारखे करतात आणि खोलीचा जीव काढून घेतात. शिवाय खिडकी आणि कोनाडा यांच्यातली तफावत भरून काढण्यासाठी वेगवेगळ्या उजेडाच्या अनेक फ्रेम जोडण्याची जी पद्धत आहे, तिचा अतिरेक झाला की सावल्याच नाहीशा होतात आणि सगळे दालन सपाट, झगझगीत दिसू लागते. या छायाचित्रात खिडकीजवळची संगमरवरी फरशी किंचित निळसर ठेवली आहे, दिव्याखालचा कोनाडा मधाळ आहे, आणि शिडीच्या मागे खरोखरचा अंधार आहे.

दरीच्या छायाचित्राचे गणित नेमके उलटे आहे. धुक्यात गडद काळा जवळजवळ नसतोच. सगळा खेळ फिकट राखाडीच्या शेकडो छटांचा, आणि तो मॅट सुती कागदावर सर्वांत चांगला उतरतो. ॲक्रिलिकमागच्या पट्टीत रंग चटकदार दिसले हे खरे, पण समोर खिडकी आली की धुक्याच्या जागी खिडकीच दिसू लागली, कारण फिकट आणि तपशीलविरहित भागावर प्रतिबिंब सर्वांत जास्त जाणवते. या पद्धतीत आणखी एक अडचण अशी की चिकटवलेली प्रिंट पत्र्यापासून पुन्हा सुटी करता येत नाही. पत्र्याला खोल ओरखडा पडला की चित्रच गेले. आंद्रेआस गुर्स्की यांच्यासारख्या छायाचित्रकाराने आपल्या अवाढव्य प्रिंटसाठी ही पद्धत वापरली, पण तिथे त्या चकाकीला चित्रातच काम होते. धुक्याच्या दरीला ती चकाकी मारक आहे.

धुक्याच्या प्रिंटमध्ये दोन गोष्टी मुद्दाम तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे छटांचे पट्टे: आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात, आणि संगणकावर फार ओढाताण केली की मऊ उतारावर जिन्यासारखे पट्टे दिसू लागतात. येथे ते कुठेही नाहीत. दुसरी म्हणजे डोंगराच्या कडेवरची पांढरी किनार, जी तीक्ष्णता जास्त वाढवल्याने येते. सर्वांत जवळच्या कड्यावर ती आहे; हातभर अंतरावरून दिसते, मागे सरकल्यावर नाही. या दर्जाच्या कामात तीही नको होती.

आकाराबाबतही दुकान मौन पाळते. ग्रंथालयाचे छायाचित्र १० कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर काढलेले आहे, म्हणजे सुमारे ११६४८ गुणिले ८७३६ पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने त्याची प्रिंट जवळपास ९९ सेंटिमीटर लांब होते. दुकानाचा सर्वांत मोठा आकार १५० सेंटिमीटरचा, म्हणजे तिथे इंचाला २०० च्या आसपास पिक्सेल उरतात. दरीसारखे चित्र लोक लांबूनच पाहतात, त्यामुळे तिथे हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. ग्रंथालयासमोर मात्र माणूस पुस्तकांची नावे वाचायला पुढे सरकतोच, म्हणून मी ९० सेंटिमीटरच्या प्रिंटवर थांबलो. सर्वांत लहान, ४० सेंटिमीटरची प्रिंट या चित्रासाठी दुकानाने ठेवायलाच नको होती, कारण त्या मापात हजारो पुस्तकांची नुसती खडबडीत वीण होते. दरीचे चित्र त्याच मापात उलट अधिक गहिरे होते. छायाचित्रकार मायकेल केना आपली धुक्याची आणि बर्फाची निसर्गदृश्ये जेमतेम २० सेंटिमीटरच्या चौरसात छापत आले आहेत, आणि छायाचित्रकार कँडिडा होफर यांची निर्मनुष्य ग्रंथालये व सभागृहे माणसाहून मोठ्या प्रिंटमध्ये समोर येतात. दोघांनीही माप ग्राहकाला विचारून ठरवलेले नाही.

कागदाच्या बाबतीतला आग्रह तर याहून जुना आहे. छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हान्स यांनी १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्स गावाच्या कॅथेड्रलमधील झिजलेल्या पायऱ्यांचे जे प्रसिद्ध छायाचित्र काढले, ते प्लॅटिनम कागदावरच्या (ज्यावर चित्र प्लॅटिनम धातूने उमटते) मऊ, तंतूंत मुरलेल्या करड्या छटांसाठीच काढलेले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्लॅटिनम कागद आवाक्याबाहेर गेला तेव्हा त्यांनी छायाचित्रणच जवळजवळ सोडून दिले. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाच्या प्रिंट पुढची कित्येक दशके काढल्या, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळे होत गेले. निगेटिव्ह एकच, पण प्रत्येक वेळी निर्णय त्यांचा.

आवृत्तीच्या, म्हणजे चित्राच्या एकूण किती प्रती निघणार याच्या, आकड्याविषयीही सावध राहावे. प्रमाणपत्रावर २५ पैकी अमुक असे लिहिलेले असते, परंतु हे २५ प्रत्येक आकाराचे वेगळे आहेत. म्हणजे चार आकार मिळून १०० प्रती, आणि कलाकाराच्या स्वतःच्या प्रती त्याहून वेगळ्या. हे नियमांच्या पानावर लिहिलेले आहे, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. तरी चित्राखाली ठळक अक्षरांत फक्त २५ दाखवणे मला पटलेले नाही. कागदाचे वर्णनही असेच गुळमुळीत आहे. ‘संग्रहालयाच्या दर्जाचा’ या शब्दांतून काहीच कळत नाही. कागदात शुभ्रता वाढवणारे रासायनिक तेजक आहेत की नाहीत हे महत्त्वाचे, कारण ते तेजक कालांतराने निकामी होतात आणि कागदाचा रंग बदलतो. विचारणा केल्यावर कागदाचे नाव, प्रति चौरस मीटर ३१० ग्रॅम हे वजन आणि मॅट कागद तेजकविरहित असल्याची माहिती तत्परतेने मिळाली. ती संकेतस्थळावरच असायला हवी.

वेष्टन निर्दोष होते: रुंद नळी, आम्लविरहित पातळ कागद, आणि हाताळण्यासाठी सुती हातमोजे. अरुंद नळीत जाड बॅराइटा कागद गुंडाळला तर त्याच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पडू शकतात, याची जाण ठेवलेली दिसली. चौकट मात्र या दुकानाकडून घेऊ नये. त्यांच्या चौकटीत काच थेट प्रिंटला टेकते, आणि दमट हवेत बॅराइटाचा गुळगुळीत पृष्ठभाग काचेला चिकटण्याचा धोका असतो. आम्लविरहित पुठ्ठ्याचे माउंट लावून काच आणि प्रिंट यांच्यात अंतर ठेवणाऱ्या, अतिनील किरण अडवणारी काच वापरणाऱ्या कारागिराकडून चौकट करून घ्यावी. ग्रंथालयाची बॅराइटावरची ९० सेंटिमीटरची प्रिंट निःसंकोच घ्यावी. दरी घ्यायची तर मॅट कागदावर आणि लहान घ्यावी. आणि पैसे भरण्यापूर्वी मदतीच्या पानाच्या तळाशी जाऊन नमुना-पट्ट्या मागवाव्यात.