जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स घरी बदलला: आठ महिने, 11,000 किलोमीटरनंतर

आधी निकाल सांगतो, रडगाणं मागाहून. गिअरबॉक्स छान चालतोय. दुसरा गिअर सुटत नाही, गुरगुर गेली, लांबच्या प्रवासात आता गाणी ऐकू येतात. पण या आठ महिन्यांत मी गाडीखाली दोनदा झोपलो. दुसऱ्यांदा झोपायची पाळी आली ती गिअरबॉक्समुळे नाही, एका रबरी सीलमुळे. ती सील मी हातात घेऊन परत पाकिटात ठेवली होती. त्यावर पुढे येतोच.

गाडी साधी आहे. मागच्या चाकांना ताकद, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच. दुखणं असं होतं की उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर टुणकन न्यूट्रलला यायचा. वर्षभर मी दांडा हाताने दाबून धरत चालवली. मग गुरगुर सुरू झाली. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज, क्लच दाबला की गप्प. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबणाऱ्या बेअरिंगवर) घ्यायचा. दाबल्यावर थांबत असेल तर रोग गिअरबॉक्सच्या पोटात आहे, कारण क्लच दाबला की इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनचा फेरा बॉक्समध्ये आणणारा शाफ्ट, थांबतो. शिवाय चालताना चौथ्यात आवाज जवळजवळ नाहीसा व्हायचा. चौथ्यात इंजिनचा फेरा थेट मागे जातो, खालच्या काउंटर शाफ्टवर (बाकीच्या गिअरांत ताकद ज्याच्यामार्फत जाते त्या शाफ्टवर) भार पडत नाही. म्हणजे तिथलीही बेअरिंग गेलेली. एवढं कळल्यावर नुसता क्लच बदलून काही होणार नव्हतं.

उघडून दुरुस्त का नाही केला, असं बरेच जण विचारतात. बेअरिंग काढायला प्रेस लागतो, पुलर लागतात, शिमची (फट भरायच्या पातळ चकत्यांची) मापं घ्यावी लागतात. माझ्याकडे यातलं काही नाही. म्हणून त्याच मॉडेलचा वापरलेला बॉक्स घेतला. घेताना इनपुट शाफ्टचे दात मोजले, शाफ्टची लांबी मोजली, शाफ्ट हाताने हलवून किती खेळतो ते पाहिलं, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बोट फिरवलं. राखाडी, लोण्यासारखा मऊ चिखल होता. तो चालतो. कपचे किंवा चकचकीत पापुद्रे असते तर घेतला नसता.

पहिल्या खेपेला अडीच दिवस लागले, मदतीला भाचा. गाडी चौकटीखाली चार स्टँडवर, चाकांना उटी. बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडी जागची धरून राहत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या शेपटीवरच असतो, तोही मग गेलाच. जुन्या क्लचची धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) खूण करा, नाहीतर पुढे गाडी थरथरते. क्लच दाबणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा पाइप न सोडता तो तसाच बाजूला बांधून ठेवा, म्हणजे हवा काढायचा व्याप वाचतो. आणि जुनं ऑइल सोडायच्या आधी, म्हणजे ड्रेन प्लगला हात लावण्यापूर्वी, भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्सला इंजिनशी जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, वरचे दोन बोल्ट दिसतच नाहीत. तिथे लांबलचक एक्स्टेंशनला सांधा लावून, गाडीच्या मागच्या टोकाकडून रॅचेट फिरवावा लागतो. त्या दोन बोल्टांनी पूर्ण सकाळ खाल्ली.

खरी परीक्षा चढवताना. बॉक्स पन्नासेक किलोचा. तो छातीवर घेऊन चढवणारे लोक मी पाहिलेत, त्यांना नमस्कार. मी गिअरबॉक्सचा जॅक आणला, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत सार्थकी लागलेली वस्तू तीच. बॉक्स वर गेला, शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरला, आणि दीड सेंटिमीटर उरलं असताना अडला. पुढे जाईना, मागे येईना. भाचा म्हणाला, "मामा, बोल्ट लावून आवळू की, येईल ओढला." हा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने हाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर पायलट बेअरिंगचा (शाफ्टचं टोक इंजिनकडे जिथे टेकतं तिचा) चुरा होतो. बॉक्सचं वजन शाफ्टवर लटकत ठेवलं तर क्लच प्लेटही वाकते. मी फटीत बोट घालून चारही बाजूंनी फिरवलं. खाली बोट सहज जात होतं, वर जेमतेम नख. म्हणजे इंजिनच्या मानाने बॉक्सचं तोंड खाली झुकलेलं. इंजिनच्या चेंबरखाली (ऑइलच्या टाकीखाली) फळी ठेवून दुसरा जॅक होताच, तो अर्धा फेरा वर घेतला. बॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकला आणि भाच्याला मागचा फ्लँज हळूहळू फिरवायला सांगितलं. फट चोहीकडून सारखी झाली तसा ठक्‌ असा जाड आवाज आला आणि हाउसिंग जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिनांवर जाऊन बसलं. त्यानंतर बोल्ट हातानेच शेवटपर्यंत गेले.

आता ऑइल. इथे मी स्वतःच्या कंजुषीमुळे फसलो. डिफरन्शियलसाठी (मागच्या ॲक्सलच्या गिअरांसाठी) आणलेलं जीएल-5 दर्जाचं ऑइल शिल्लक होतं, तेच ओतलं. मॅन्युअलमध्ये जीएल-4, 75 डब्ल्यू-90 असं स्वच्छ छापलेलं. सिंक्रोच्या रिंगा पितळी असतात. त्यांना गिअरच्या सुळक्याला घासूनच वेग जुळवायचा असतो. जीएल-5 मध्ये जास्त दाबासाठी घातलेली रसायनं त्यांना निसरडी पडतात, आणि त्यातली काही पितळही खातात. तीन आठवडे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कर्रर्र व्हायचं. वाटलं, बॉक्सच खराब गळ्यात पडला. ऑइल बदललं आणि चार दिवसांत कुरकुर थांबली. गाडी सपाटीवर ठेवून भरायच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं. माझ्यात अडीच लिटरच्या आसपास गेलं.

दुसरी गंमत स्पीडोमीटरची. बॉक्स घेताना तेवढंच एक बघायचं राहिलं होतं. नव्या बॉक्समधल्या केबलच्या गिअरला 19 दात, माझ्या जुन्यात 21. म्हणून काटा 60 दाखवायचा तेव्हा जीपीएस 54 म्हणायचं. किलोमीटरही फुगत होते, 1,100 धावली वाटायची तेव्हा खरे 1,000 झालेले असायचे. जुन्या बॉक्समधला गिअर काढून नव्यात बसवला, वीस मिनिटांचं काम.

आता ती सील. इंजिनच्या क्रँकची मागची ऑइल सील, फ्लायव्हीलच्या (क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकाच्या) मागे बसते. तिथपर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील हे सगळं काढावं लागतं. दोन गोष्टी मी काढल्याच होत्या. तिसरीचे बोल्ट घट्ट होते, संध्याकाळ झाली होती, बोट फिरवलं तर कोरडं. म्हटलं, सुक्या जागेला कशाला खाजवा. चार महिन्यांनी भरलेल्या गाडीने चढण घेताना इंजिनचे फेरे वाढू लागले आणि गाडी तिथेच. जळका वास. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, या थेंबाला नव्हता. काळं इंजिन ऑइल होतं ते, म्हणजे तीच सील.

पुन्हा सगळं खाली. क्लच प्लेट तेलाने निथळत होती, चार महिन्यांची प्लेट फेकली. यावेळी फ्लायव्हील काढलं, सील बदलली, फ्लायव्हीलचे बोल्ट धुऊन आट्यांना सीलंट लावून टॉर्क पान्याने आवळले, कारण काही इंजिनांत ती भोकं थेट आत ऑइलपर्यंत उघडतात. एकूण सात तास लागले. हात सरावले होते, शिव्याही कमी पडल्या.

सुटे भाग मांडायचे तर क्लचचा पूर्ण संच, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकची सील आणि बॉक्सच्या शेपटीची सील. आणखी एक, ज्याचं कौतुक कोणी करत नाही: गिअरच्या दांड्याखालचा प्लास्टिकचा बुश. अंगठ्याएवढा. माझ्या जुन्याचा भुगा झाला होता. तो बदलल्यावर दांड्याची डगमग जी गेली, तिचं श्रेय पहिले काही दिवस मी नव्या बॉक्सला देत होतो.

सध्या तक्रारी दोनच. पहाटे गार असताना दुसरा गिअर पहिल्या किलोमीटरभर जड जातो, आणि तिसऱ्यात 45 च्या आसपास बारीक शीळ येते. पहिल्या दिवसापासून आहे, वाढलेली नाही. 10,000 वर ऑइल बदललं तेव्हा मॅग्नेटवर तोच मऊ चिखल होता, कपचे नव्हते. जुना बॉक्स भाच्याने उघडला. दुसऱ्या गिअरची रिंग सुळक्यावर दाबून धरली तर मधल्या फटीत कागद जेमतेम सरकला. काउंटर शाफ्टची बेअरिंग तर हातात घेऊन फिरवली तरी वाळू भरल्यासारखी वाजते.